शालनताईंचा घेवडा

शालनताईंच्या रुमालाच्या टोकाला कायम एक गाठ असायची, आन् त्या गाठीत घेवड्याचं दानं. बायामानसं गाठीत किल्ली ठेवत्यात, सुपारी ठेवत्यात, ह्या बाई घेवडा ठेवायच्या. मी पयल्यांदा ती गाठ बगितली तवा मला वाटलं, कुना भगतानं दिलेला उतारा हाय. मी दोन पावलं मागं सरलो. माझं आयुष्यच आसं गेलंय. जितं पुडं व्हायचं तितं मी मागं सरतो, आन् जितं गप बसायचं तितं बोलतो.

मला लिहिता येत न्हाई. शाळेत मी एकच दिवस गेलतो, तेबी गुरुजींची शेळी आमच्या रानात शिरली म्हनून सांगायला. हे मी बोलतोय आन् माझी लेक मंगल लिहून घेतीय. मधीच थांबते आन् म्हनते, "बाबा, हे लिहू का? लोक हसतील तुमाला." मी म्हनतो, लिव. मला हसून हसून आक्की वाडी धडधाकट ऱ्हायलीय. फकस्त ताईंचं नीट लिव.

शालनताई आंबीच्या. तळेगावच्या अंगाला एका कंपनीत लॅबमधी होत्या. ती नोकरी सोडली आन् संस्था काडली. लोनावळ्याच्या बाजारामागं सायकलच्या दुकानावर एक खोली, तेच हापिस. संस्थेचं काम सांगायला सोपं हाय. जे शेतकरी औषध मारत न्हाईत, रासायनिक खत टाकत न्हाईत, त्यांना शिकवायचं, आन् तीन वरसं नीट गेली की तसं सर्टिफिकेट द्यायचं. पन तपासायला कुनी गाडीवाला साहेब येत न्हाई. आमच्या गटात सात जन. आमीच एकमेकांच्या शेतात जायचं, बगायचं, कागदावर खून करायची. मंग ताई सही करनार.

दोनच नियम. शेतात खोट निघाली तर त्या शेताची तीन वरसं परत पयल्यापासनं. आन् खोट लपवून कागद भरला तर सातीच्या सात जन बाद, गटच मोडला. हा दुसरा नियम ध्यानात ठेवा, कारन पुडं ह्याच नियमाखाली मी सगळ्यांना घेऊन पडनार होतो.

आमची वाडी कुसगावच्या वरल्या अंगाला. ताई पयल्यांदा आल्या तवा मला वाटलं, रेशनकार्डाच्या बाई आल्या. त्यांनी इचारलं, "शेतात काय काय आहे?" मी म्हनलं, "मी, बायको, लेक, आई आन् चुलता." चुलता वारून चार वरसं झालती.

ताईंनी शेतावर नजर फिरवली. "चुलते कुठल्या वाफ्यात आहेत?"

मंग चपला काडून बांधावर बसल्या आन् म्हनल्या, "थांबा जरा. आधी शेताला मला बघू दे." पाव तास बसल्या. बोलनं न्हाई, हालनं न्हाई. शेजारी मानूस गप बसलं की मला अंगाला खाज सुटती. मी पाऊस सांगितला, म्हशीचं बाळंतपन सांगितलं, माझ्या सासऱ्यानं हुंड्यात न वाजनारा फुटका रेडू दिला ते सांगितलं. बाईंनी मान हालवली न्हाई. शेवटाला बांधावर बोट ठेवून इचारलं, "हितं मुंग्या का नाहीत हो?"

आता काय सांगायचं? बांधावरचं गवत कोन कापनार म्हनून मी आदल्या म्हैन्यात तननाशक मारलं व्हतं. मी म्हनलं, "मुंग्या लग्नाला गेल्यात."

"कुणाच्या?"

"शेजारच्या बांधावरच्या."

बाई पोट धरून हसल्या. मंग डायरी काडली आन् ते लिहून घेतलं. म्हैन्यानं परत आल्या. "आल्या का मुंग्या लग्नाहून?" मी म्हनलं, पूजा ऱ्हायलीय. दुसऱ्या म्हैन्यात आल्या. "झाली का पूजा?" तिसऱ्या खेपेला माझाच धीर सुटला. म्हनलं, "ताई, मी औषध मारलं व्हतं." मी शिव्या खायाची तयारी करून उभा. तर ह्यांचं तोंड उजळलं. "अस्सं! कुठलं? किती? वास कसा येत होता? गवत किती दिसांनी पिवळं पडलं?" तासभर इचारत होत्या. माझ्या पापाची इतकी आस्थेनं चौकशी कुनीच केली नव्हती. त्याच दिवशी मी गटात आलो.

त्यांना सगळ्याचंच नवल. एकदा त्यांच्या स्कूटरीवर मागं बसून मी भुशी धरनाकडं गेलतो, वरच्या एका शेतकऱ्याला भेटायला. धरनाच्या रस्त्याला गाड्यांची ही रांग. लोक पायऱ्यांवर भिजत होते. ताईंनी स्कूटर लावली आन् कनसं भाजनाऱ्या बाईपाशी उकिडव्या बसल्या.

"मावशी, या सालांचं काय करता?"

"टाकती."

"कुठं?"

"तितं."

"मग कोण नेतं?"

"म्हशी खात्यात."

"कुणाच्या म्हशी?"

मावशीला वाटलं ही नगरपालिकेची बाई, आता पावती फाडनार. तिनं गपचिप एक कनीस भाजून, लिंबू चोळून हातात दिलं. ताईंनी कनीस घेतलं आन् मी खाल्लं. आमी शेतकऱ्याकडं पोचलोच न्हाई. म्हशीच्या मागं मागं जाऊन म्हशीचा मालक हुडकला, आन् तवापासून त्याचं शेन आमच्या गटाला येतंय.

परत येताना मी इचारलं, "ताई, सालं खाल्ल्यानं म्हशीचं दूध वाडतं का?"

"मला माहीत नाही," त्या म्हनल्या. "चला, बघू."

हे त्यांचं ठरलेलं. शिकलेलं मानूस 'मला माहीत नाही' आसं इतकं खुशीत म्हनतंय, हे मी पयल्यांदाच ऐकत होतो. मला तर काईच म्हाईत नसतं, पन मी कदी कबूल केलं न्हाई.

कागदाचंबी सांगतो. गटात आमी तिघं अंगठेवाले. म्हनून ताईंनी पाहनीचा कागद चित्रांचा केला. गाय, खताचा ढीग, औषधाची बाटली, शेजारचं शेत. व्हय आसंल तर टिंब, न्हाई आसंल तर फुली. मी माझा पयला कागद भरला तवा बाटलीपुडं टिंब दिलं. म्हनलं खोटं कशाला, शनवारी घेतो मी. ताईंना कळल्यावर त्या इतक्या हसल्या की खालचा सायकलवाला वर बगायला आला. तो कागद त्यांनी जपून ठेवला. म्हनायच्या, "इतका प्रामाणिक कागद संस्थेत दुसरा नाही." मंगल, हे वाक्य मोटं लिव. पुडं माझी पत जानार हाय.

आनखी एक त्यांचा कायदा. आंबीला त्यांचं सवताचं अर्धा एकर रान व्हतं, तेबी आमच्याच गटात. दर वरसाची पयली पाहनी त्या रानाची. पन संस्थेच्या बाईचं शेत तपासायचं कुनी? बैठकीत हा सवाल निगाला. गटात आबा सगळ्यात मोटे, आमच्याच वाडीचे. ते म्हनले, "किसनाला धाडा. त्याला लाज न्हाई."

मी आंबीला गेलो. ताईंनी पोहे दिले, चहा दिला. वट्यावर बसल्या बसल्या शेत समोर दिसत व्हतं. हिरवं व्हतं. मी कागद काडला, सगळीकडं चांगली चांगली खून केली, अंगठा उठवला.

ताई म्हनल्या, "किसनभाऊ, तुम्ही पोहे तपासलेत. शेत राहिलं."

"ताई, तुमचं काय तपासायचं?"

"माझंच आधी. बघितल्याशिवाय खूण करायची नाही. आणि माझ्यावर तर अजिबात विश्वास ठेवायचा नाही." कागद फाडला, नवा दिला. उन्हात आक्खा बांध फिरवला मला. खतात कोपरापर्यंत हात घालायला लावला. तवापासून त्यांच्या रानाचा तपासनीस मी.

आसं करत करत तिसरं वरीस आलं. हंगाम सरला की गटाला सर्टिफिकेट मिळनार व्हतं. लोनावळ्यात शनवार-रव्वारच्या बाजारात बंगलेवाल्यांसाठी एक गाळाबी ठरला व्हता, सर्टिफिकेटाच्या बोलीवर. आबांनी त्या गाळ्यावर बसायला नवा सदरा शिवला, आन् शिवून पेटीत ठेवला.

त्याच पावसाळ्यात बैठकीत ताई म्हनल्या, "कुसगावच्या हॉटेलांत हिरवळ कापतात, ते गवत सगळं कचऱ्यात जातं. आणा आणि खतात घाला." टेंपो माझ्याकडं. मग काय, मी गटाचा गवतवाला झालो. एका मोट्या हॉटेलाच्या मागल्या फाटकातनं दर सोमवारी गवत भरायचो. आत शिरताना वॉचमन सलाम ठोकायचा. मी बी ठोकायचो. चार आठवड्यानं कळलं, तो माझ्या मागनं येनाऱ्या मालकाच्या गाडीला ठोकत व्हता. माळ्याला मी सांगून ठेवलं व्हतं, "मैं साहब का आदमी हूँ." त्यानं कदी इचारलं न्हाई, कुटला साहेब.

माझ्या ढिगाला गवत झालं, आबांच्या झालं. बाकीचे म्हनले, आमाला आमचं शेन बास. म्हनून एक टेंपो मी आंबीला नेऊन ताईंच्या ढिगावर वतला. न सांगता. भेट म्हनून.

थंडीत ते खत टमाट्याला घातलं. पंधरा दिसांत टमाट्याची पानं वाटीगत वळली. शेंडं डुकराच्या शेपटीगत. शेजारी भाताची खाचरं, तितं पावसाळ्यात त्याच ढिगाचं खत पडलेलं, भात झकास पिकलेलं, आन् टमाटं आसं मुटी आवळल्यागत. मी लिंबू-मिरची बांधली. बायकोनं मीठ ओवाळलं. टमाटं आनखीच वळलं.

आता मला खरं तर जाऊन सांगायचं व्हतं. पन तिसरं वरीस. आबांचा सदरा डोळ्यापुडं यायचा. ताई येनार व्हत्या त्या दिवशी सकाळीच मी दोन वाफं उपटलं आन् म्हशीपुडं टाकलं. म्हशीनं वास घेतला आन् तोंड फिरवलं. आमच्या घरात अक्कल त्याच दावनीला हाय.

ताई आल्या, बांधावर बसल्या. "हितं टोमॅटो होते ना?"

मी म्हनलं, "लग्नाला गेलं."

ह्या खेपेला त्या हसल्या न्हाईत. उठल्या, वाफ्याच्या कडंला एक रोप माझ्या नजरेतनं सुटलं व्हतं, त्याचं पान खुडलं, उन्हात धरून बगितलं. मंग पिशवीतनं कापडी पुरचुंड्या काडल्या आन् माझ्या ढिगातलं खत घेतलं. त्याच दिवशी गटातल्या सगळ्यांच्या ढिगातलं घेतलं, सवताच्याबी. आन् डोंगराच्या माथ्यावरची मूठभर माती, जितं कुनीच काई टाकलेलं न्हाई.

हापिसाच्या खिडकीत चहाचे कागदी कप मांडले. बुडाला भोक पाडून त्यात ती माती भरली आन् रुमालाची गाठ सोडून हरेकात तीन-तीन दानं लावलं. म्हनल्या, "घेवडा लय नाजूक. मातीत तणनाशक उरलं असेल तर तो आधी सांगतो, मशीन नंतर." कपावर वळखायला चित्रं. आबांच्या कपावर पागोटं, डोंगरातल्या मातीवर डोंगूर, ताईंच्यावर चष्मा, आन् माझ्यावर माकड. माझ्या कागदावरबी हेच माकड; ते मीच काडायला सांगितलं व्हतं, चांगल्या दिसांत.

मला झोप लागंना. दर दिवसाआड काईतरी निमित्त काडून मी हापिसात जायचो. घेवडा उगवला. डोंगराच्या कपात पानं सरळ, हातासारखी पसरलेली. माकडाच्या कपात पानं वाटीगत वळाया लागली. पागोट्याच्याबी. मी म्हनलं, मेलो.

आमच्या मोरीच्या पान्यावर चवळी उगवली व्हती, बायकोनं निवडताना सांडलेली. ताजी, ताठ, दोन पानांवर आलेली. माझं मत आसं पडलं की दोन पानांवर आसताना सगळी कडधान्यं सारकीच दिसत्यात. चाळीस वरसं शेती करून माझं हे मत पडलं. दुपारी ताई जेवायला गेल्या तवा मी माकडाच्या कपातला घेवडा उपटला आन् चवळी खोवली. माती दाबली. पानी घातलं. वरनं फुकबी मारली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, किसनभाऊंना पाठवा.

ताई कप नाकापाशी धरून बसल्या व्हत्या. "या. किसनभाऊ, घेवड्याची चवळी झाली. हे मी जन्मात पाहिलं नव्हतं."

मी दोन पावलं मागं सरलो, जिन्याकडं.

"कुठली चवळी?"

"मोरीची."

"छान आलीय." मंग कप खाली ठेवला, आन् तवा पयल्यांदा आन् शेवटचं त्या माझ्यावर रागावल्या. आवाज चडवला न्हाई. "रोप बदललंत. माती कशी बदलणार होतात?"

मला रडू येयाला लागलं म्हनून मी तोंड खिडकीकडं केलं. तर समोर चष्म्याचा कप. त्यातलाबी घेवडा वळलेला. मुटी आवळून बसलेला.

"ताई," मी म्हनलं, "तुमचाबी."

"हो."

"कवा दिसलं?"

"परवा."

"मंग कुनाला सांगितलं?"

"नाही. दोन दिवस मीसुद्धा नुसती बघत बसलेय." त्यांचा चहा पुड्यात थंड झालेला, साय धरलेला. "पाहणीचे कागद रविवारी भरायचे आहेत, आंबीला, विहाराच्या पडवीत. त्याआधी सांगितलं तर ती नुसती खोट. कागद भरल्यावर निघालं तर लबाडी, गट गेला. तुमचं तुम्ही सांगायचं, किसनभाऊ. मी सांगणार नाही."

मंग उठल्या. "टेंपो आणलाय ना? चला. मला ते गवत कुठून येतं बघायचंय."

हॉटेलाच्या मागं माळ्याची खोली. ताई त्याच्यापुडं वेताच्या मोड्यावर बसल्या आन् इचारलं, हिरवळीत तन का दिसत न्हाई. माळी उठला, पंपामागचा डबा घेऊन आला. रुंद पानाचं तन मारायचं औषध. गवताला काई होत न्हाई, म्हनून भाताला काई झालं नव्हतं. घेवडा, टमाटं ह्यांना मातुर जाळतं, आन् खतात गेलं तरी मरत न्हाई. ताईंनी इचारलं, मारताना हातात काई घालता का? त्यानं नुसते हात दाखवले.

"आप बताए क्यों नहीं?" मी लय शहान्यासारकं बोललो.

"किसीने पूछा ही नहीं," माळी ताईंना म्हनला. "और ये तो बोलते थे, साहब का आदमी हूँ."

परतीच्या वाटंला टेंपोत  ताई म्हनल्या, "लॅबमध्ये एकदा मी न बघता सही केली होती. साहेबांनी कागद पुढं केला, घाई होती. काही झालं नाही हो त्याचं. कुणी आजारी पडलं नाही, कुणी विचारलं नाही. पण त्या बाटलीत काय होतं ते मला कधी कळलंच नाही. अजून वाटतं, काय असेल?" थोड्या वेळानं म्हनल्या, "कणसाच्या सालांचं विचारलं मी. गवताचं नाही विचारलं. गवत हिरवं होतं ना."

रव्वारी विहाराच्या पडवीत सगळे जमले. ताईंनी कप वळीनं मांडले. मी घरनं निगताना बायकोला म्हनलं व्हतं, आज मी सांगनार. पडवीत आबांना बगितलं आन् मी मागल्या खांबाआड जाऊन बसलो. आबा सदरा घालून आलते. तोच, पेटीतला.

ताई उभ्या ऱ्हायल्या. "हा चष्म्याचा कप माझा. बघा. माझ्या शेतात तणनाशक गेलंय. गवत आणा असं मीच सांगितलं, आणि त्यावर काय मारतात ते विचारलं नाही. माझी तीन वर्षं पहिल्यापासून." चित्रांचा कागद माझ्यापुडं सरकवला. "तपासनीस, खूण करा."

मी म्हनलं, "ताई, माझ्यानं न्हाई व्हायचं."

"मग दुसरं कोण करणार? नियम आहे."

तेवड्यात आबा बोलले. हळू बोलले. "शालन, पोरी, भात झकास हाय. टमाटं काय, पुडल्या वरसाला लावू. आमी गप बसलो तर कुनाला कळनार हाय?"

"कुणाला नाही कळणार, आबा. खरंय," ताई म्हनल्या. "मीही बघितलं नसतं तर मला कळलं नसतं. पण आता बघून बसले. त्याचं काय करू, सांगा."

आबांनी कप उचलून डोळ्यापुडं धरला. पागोट्याचा.

मी शाईत अंगठा बुडवला. बाटलीच्या चित्रापुडं टिंब दिलं. ताईंच्या कागदावर. तो अंगठा लय जड झाला व्हता, मंगल, दुसऱ्या कुनाचा आसल्यागत. आन् एकदा शाई लागल्यावर म्हनलं आता काय ऱ्हायलंय. उभा ऱ्हायलो आन् सगळं सांगितलं. टेंपो, साहेबाचा आदमी, म्हशीनं फिरवलेलं तोंड, चवळी. चवळीला एक जन हसला, मंग दुसरा, मंग सगळी पडवी. माझ्या कागदावरबी टिंब दिलं. शेवटाला आबा उठले, सदऱ्याची बाही वर सारली, शाई लागू नये म्हनून, आन् आपला अंगठा उठवला. मला म्हनले, "मुडद्या, तुझ्या टेंपोत परत शेनबी घालनार न्हाई." पन घातलं, दुसऱ्याच आठवड्यात.

गट वाचला. चौगांना सर्टिफिकेट मिळालं, ताई, आबा आन् मी, आमी तिघं परत पयलीत. गाळाबी मिळाला. तितं चौगांचा माल एका बाजूला, आमचा दुसऱ्या बाजूला, आन् आमच्या बाजूला ताईंनी सवताच्या हातानं फळा लिहून लावला. मंगलनं मला वाचून दाखवला: 'यांना या वर्षी सर्टिफिकेट नाही. का, ते विचारा.'

मी म्हनलं, आता कुतरंबी येनार न्हाई. काई जन फळा वाचून गेलेबी. पन लय जन थांबले. इचारलं. ताई कप दाखवून सांगायच्या, पयल्यापासनं, दर खेपेला नव्या हुरूपानं. एका बंगलेवाल्या बाईंनी सगळं ऐकलं. मंग म्हनल्या, "आमच्या लॉनवर पण माळी काहीतरी मारतो. काय, ते मला माहीत नाही."

ताईंचं तोंड उजळलं. रुमालाची गाठ सोडली आन् तीन दानं त्या बाईंच्या हातावर ठेवलं. "कपात लावा. बघू."

हॉटेलाच्या माळ्याला त्यांनी रबरी हातमोजं नेऊन दिलं. तो मला अजून साहब म्हनतो. त्यात काय आदर न्हाई.

त्यानंतर तीन वरसं मी दर थंडीला आंबीला गेलो, ताईंचं रान तपासायला. ताईंचं गुडघं जात चाललं व्हतं. स्कूटर सुटली, मंग काठी आली. पन आदी बांध, मंग पोहे, हा कायदा मोडला न्हाई. तिसऱ्या पाहनीनंतर त्याच म्हैन्यात त्यांचा ल्योक त्यांना आपल्याकडं नागपूरला घेऊन गेला. तितंच त्या गेल्या. आमाला फोन आला. म्हनून ती तिसरी पाहनी हीच माझी शेवटची भेट.

ताईंनी बांधावर खुर्ची टाकून घेतली व्हती. मी चपला काडल्या आन् बांधावर बसलो. पाव तास. बोललो न्हाई. माझ्या आयुष्यातला एवडाच पाव तास. मंग आक्खं रान फिरलो, खतात कोपरापर्यंत हात घातला, शेजारचा बांध बगितला. कपातला घेवडा घरातनं आनून ठेवला व्हता, पानं सरळ, हातासारखी पसरलेली. कागद भरला. बाटलीपुडं फुली. अंगठा शाईत बुडवला.

"मुंग्या बघितल्यात?" ताईंनी इचारलं.

न्हाई बगितल्या. सगळं बगितलं आन् तेवडंच ऱ्हायलं. मी वला अंगठा वर धरून गुडघ्यावर बसलो. बांधाच्या कडंला बारीक रांग चालली व्हती. मी म्हनलं, "आल्यात, ताई. लग्नाहून आल्यात."

"असं नाही चालणार. मला दाखवा."

"तुमचं गुडघं."

त्यांनी काठी बाजूला ठेवली, खुर्चीचा दांडा धरला आन् सरकत सरकत भुईवर बसल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तोंड पार बांधाला टेकलं.

"कागद, ताई," मी म्हनलं. "शाई वाळतीय."

"थांबा हो. काय ओढून नेतायत त्या? पांढरं?"

मी वाकून बगितलं. जलमभर मी एकून एक गोष्ट म्हाईत आसल्यासारकं बोललो, पन त्या वक्ताला तोंडातनं आपसूक निगालं, "म्हाईत न्हाई."

ताई मान वर न करता हसल्या. "चला तर," म्हनल्या, आन् हातावर रेलून त्या रांगेच्या बाजूनं हळूहळू पुडं सरकाया लागल्या. मी मागनं, एका हातात कागद, आन् दुसऱ्या हाताचा अंगठा वर धरून.